कोकणातल्या घरातली बैठकीची खोली: पाऊस, खारा वारा आणि माणसं धरून कशी मांडावी

कोकणातल्या बैठकीच्या खोलीचा निकाल जुलैमध्ये लागतो. मे महिन्यात सगळ्याच खोल्या छान दिसतात: खिडकीतून ऊन, भिंती कोरड्या, सोफ्यावर नवीन अभ्रे. मृग लागला की पंधरा दिवसांत सोफ्याच्या पाठीला भुरा, म्हणजे बुरशी धरते, भिंतीवरच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो, टीव्हीखालच्या कपाटाचं दार फुगून लागेनासं होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्र जवळ असेल तर वाऱ्यातून मीठही येतं. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे ही खोली सजवायची सुरुवात रंग आणि पडद्यांपासून करू नये. आधी ओल, मग वारा, मग बसण्याची सोय, आणि शोभा सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर निम्मी शोभा आपोआप येते आणि खर्चही वाचतो.

काम काढायचं ते दिवाळीनंतर. तोवर भिंती सुकायला लागलेल्या असतात, गवंडी-सुतार मिळतात, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडच्या दिवसांच्या, आधी सगळं आवरायला हाताशी सहा महिने राहतात. एप्रिल-मेमध्ये चाकरमानी आले की कारागिरांच्या मागे धावावं लागतं.

ओल कुठून येते ते आधी शोधा

खोली रिकामी करा. अगदी रिकामी, भिंतीवरच्या खिळ्यांसकट. मग भिंतींकडे नीट बघा, कारण ओलीचे डाग कुठे पडलेत यावरून ती कुठून येते ते कळतं.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पोपडे सुटलेत आणि पांढरी पूड हाताला लागते, तर ओल जोत्यातून वर चढते आहे. पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर खिडकीच्या आजूबाजूला डाग आहेत, तर पावसाची झड थेट भिंतीवर बसते आहे. वरून खाली ओघळ आलेले असतील तर कौल सरकलंय किंवा स्लॅबची पन्हळ तुंबली आहे. आणि कपाटामागे, कोपऱ्यात, वारा न लागणाऱ्या जागी नुसतेच काळे ठिपके असतील तर ती हवेतली ओल.

शेवटचे दोन प्रकार दिसायला सारखे वाटले तर एक सोपी परीक्षा आहे. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली हवाच दमट आहे. ही परीक्षा पावसाळ्यात केली तरच उपयोगाची.

उपायही त्याप्रमाणे वेगळे. कौलांसाठी शाकारणी, म्हणजे कौलं नव्याने नीट बसवणं. झडीसाठी पश्चिमेच्या पडवीला झावळ्यांचे झाप किंवा ताडपत्री, आणि खिडकीवर निदान दोन फुटांचा छज्जा. जोत्यातून ओल येत असेल तर घराभोवतीची माती जोत्याच्या खाली उतरवा आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब न्या. हे न करता आतून तीन फुटांपर्यंत चकाचक टाइल लावण्याची एक पद्धत पडली आहे. त्याने ओल जात नाही. टाइलच्या मागे ती कोंडते, वर चढते आणि चौथ्या फुटावर डोकं काढते.

भिंती

घर चिऱ्याचं असेल तर इथे थोडा वेळ द्या. चिरा, म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट लावला की सोडायची वाटच बंद होते, मग रंग फुगे धरून सुटतो. दर दोन वर्षांनी खरवडा आणि परत रंगवा, हा खेळ त्यामुळेच चालतो. जुन्या घरांत चुना होता तो केवळ स्वस्त म्हणून नव्हे. चुन्याची भिंत ओल बाहेर जाऊ देते आणि चुन्यावर बुरशीही सहजी धरत नाही.

चुना देणं घरच्या घरी जमतं. भिजवलेला किंवा पुडीतला चुना घ्या. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, त्याच्या वाटेला अनुभव नसताना जाऊ नका. पुडीतला चुना आदल्या दिवशी पाण्यात कालवून ठेवा, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळा. घट्टपणा दुधाइतका हवा, जाड झाला तर वाळल्यावर खपल्या पडतात. कोमट पाण्यात भिजवलेला डिंक घाला, म्हणजे हाताला कमी लागतो. पांढरा शुभ्र हवा असेल तर चिमूटभर नीळ.

भिंत आधी पाण्याने ओली करून घ्या. पहिला हात आडवा, दुसरा उभा, तिसरा परत आडवा, आणि दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. ओला असताना चुना जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे नवखा माणूस घाबरून जाड थर देतो. धीर धरा, वाळताना तो पांढरा होत जातो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. आणि जुन्या ऑइल पेंटवर किंवा प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही. तो रंग पूर्ण खरवडावा लागतो.

चुन्याचा एक त्रास खरा आहे: पाठ टेकली की शर्टाला लागतो. बसायच्या बाजूला जमिनीपासून साधारण ३० इंचांवर चार इंच रुंदीची लाकडी पट्टी भिंतीला मारा, किंवा तेवढ्या भागात चटई बांधा. दोन्ही दिसायलाही सुरेख दिसतं.

सिमेंटच्या विटांचं घर किंवा फ्लॅट असेल तर बुरशीरोधक इमल्शन चालेल, पण भिंत पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे फेब्रुवारीनंतर. रंग फिका ठेवा. पावसाळ्यात दुपारी तीनलाही दिवा लावावा लागतो, तिथे गडद भिंत खोली गिळून टाकते. एखादा गडद रंग हवाच असेल तर जमिनीलगत गेरूच्या रंगाचा फूट-दीड फुटाचा पट्टा ओढा. लाल मातीचे शिंतोडे त्यात दिसत नाहीत.

जमीन

गुळगुळीत, आरशासारख्या टाइल कोकणात घालू नयेत. ओल्या पायाने माणूस आत येणार, आणि घरात वयस्कर माणसं असणार. दमट दिवशी तर टाइललाच घाम फुटतो. मॅट टाइल, शहाबादी किंवा लाल कोबा, यांतलं काहीही चांगलं. जुना लाल कोबा असेल तर फोडू नका, पॉलिश करून घ्या.

वर जाड लोकरी गालिचा नको, तो सप्टेंबरपर्यंत वास मारायला लागतो. सुती सतरंजी किंवा चटई घाला, जी गुंडाळून उन्हात टाकता येते. दाराशी काथ्याचं पायपुसणं, तेही दोन, म्हणजे एक वाळत घालता येईल. छत्र्यांची जागा पडवीतच करा. ओली छत्री बैठकीच्या खोलीत आली की तिच्यामागून चिखल आणि वास येतोच.

मांडणी: कागदावर, मोजून

आता बसण्याची सोय. खोलीचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढा, एक चौकट म्हणजे एक फूट. दारं, खिडक्या, स्विच आणि पंखा त्यावर दाखवा. सामानाचे तुकडे त्याच मापाने कापून कागदावर फिरवून बघा. सोफा तीनदा उचलण्यापेक्षा हे बरं.

उदाहरणादाखल १२ बाय १६ फुटांची खोली घेऊ. पूर्वेच्या आखूड भिंतीत पडवीचं दार, पश्चिमेच्या आखूड भिंतीत माजघराचं दार, दोन्ही उत्तरेच्या अंगाला समोरासमोर. दक्षिणेच्या लांब भिंतीत दोन खिडक्या.

पहिली गोष्ट, दारापासून दारापर्यंतची वाट. ती तीन फूट रुंद आणि पूर्ण मोकळी ठेवा. पाण्याची कळशी घेऊन जाणारं माणूस, पळणारी पोरं, आणि शिमग्यात पालखी घरात येत असेल तर तीसुद्धा याच वाटेने येणार. पालखी आत येते त्या घरांनी दाराजवळ वळणच ठेवू नये.

उरली नऊ बाय सोळाची जागा. दक्षिणेच्या खिडक्यांखाली लांब बाकडं किंवा सोफा, भिंतीपासून किमान सहा इंच पुढे ओढून. हे सहा इंच म्हणजे निम्मं गमक आहे. मागे वारा खेळला की भुरा धरत नाही, केरसुणी जाते, आणि वाळवीची मातीची नळी भिंतीवर चढू लागली तर वेळेत दिसते. लहान खोलीत सामान भिंतीला चिकटवायचा मोह होतो, तो आवरा.

पश्चिमेच्या टोकाला चार फुटांचं बुटकं टेबल आणि त्यावर टीव्ही. ४३ इंची टीव्ही असेल तर बसणारा निदान सहा-सात फुटांवर असावा आणि टीव्हीचा मध्य जमिनीपासून साधारण ४० इंचांवर, म्हणजे मान वर करावी लागत नाही. पूर्वेच्या टोकाला टीव्हीकडे तोंड करून दोन हलक्या खुर्च्या, वेताच्या किंवा लाकडी. मध्ये टीपॉय ठेवलाच तर तो आणि बाकडं यांत दीड फूट अंतर. खरं सांगायचं तर मी टीपॉय ठेवूच नये म्हणेन. चहाचं तबक ठेवायला खुर्च्यांच्या मध्ये एक स्टूल पुरतं, आणि मधली जमीन मोकळी राहते. आपल्याकडे दहा माणसं आली की सहा जमिनीवरच बसतात, आणि तीच मैफल रंगते.

बसायची उंची विसरू नका. नव्या सोफ्यांच्या बैठका १४-१५ इंचांवर आणि खोल असतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठवत नाही. घरातल्या आजीसाठी १८ इंच उंचीची, हात असलेली एक खुर्ची हवीच. ती खिडकीजवळ अशी ठेवा की रस्ता आणि खळं (अंगण) दोन्ही दिसेल.

लाकूड, प्लाय आणि स्क्रू

सोफा-टेबल विकत घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: आत काय आहे, आणि जोडलंय कशाने?

भुसा दाबून केलेले बोर्ड, म्हणजे एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, कोकणात एका पावसाळ्याचे पाहुणे. कड फुगली की बिजागरीचा स्क्रू सुटतो आणि परत बसत नाही. प्लायच घ्यायचं तर आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन ग्रेड घ्या आणि कापलेली प्रत्येक कड, मागची बाजू धरून, सील करायला सांगा. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) लिहिलेलं प्लाय कोरड्या हवेसाठी ठीक.

जुनं सागवान मिळालं तर सोडू नका. गावात घरं पाडली जातात तेव्हा वाशे, चौकटी, दारं विकली जातात. त्या लाकडाचं बाकडं सुताराकडून करून घेतलं तर पुढच्या पिढीपर्यंत पुरतं. फणसाचं लाकूडही उत्तम: कापल्यावर पिवळं, वर्षांगणिक तपकिरी होत जाणारं, आणि वाळवीला पुरून उरणारं. लाकडावर जाड चकचकीत व्हार्निशऐवजी जवसाचं तेल आणि टर्पेंटाईन मिसळून दोन-तीन हात द्या, दर वर्षी मेमध्ये एक हात. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात, पसरून वाळवा.

स्क्रू आणि बिजागऱ्या पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या. समुद्र दिसतो इतकं घर जवळ असेल तर स्टेनलेसमध्येही ३१६ ग्रेड मागा, नेहमीच्या ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने तपकिरी ठिपके येतात. पावडर कोटिंगच्या लोखंडी खुर्च्या वेल्डिंगच्या सांध्यापाशी आधी गंजतात, आणि तो गंज लादीवर उतरला की निघत नाही.

रेक्झिनचा सोफा नको. दमट हवेत त्याचा वरचा थर काही वर्षांतच सालीसारखा सुटतो. सुती कापडाचे, चेन लावून काढता येणारे अभ्रे शिवा, दोन जोड. गादी काथ्याची असेल तर हवा खेळते. कापसाची असेल तर ऊन मिळेल तेव्हा बाहेर टाका.

झोपाळा

कोकणातल्या घरात झोपाळा हवाच, पण त्याला जागा फार लागते. पाट दोन फूट रुंद धरला तर पुढे-मागे प्रत्येकी तीन फूट, म्हणजे आठ फूट. आपल्या उदाहरणातल्या खोलीत तो पूर्वेच्या टोकाला, टीव्हीकडे तोंड करून बसतो, पण मग खुर्च्यांना तिथून रजा द्यावी लागते. पडवी रुंद असेल तर तो तिथे न्या.

टांगायचा कशाला, हा महत्त्वाचा भाग. लाकडी तुळई असेल तर आधी तिला टोचून बघा, भुंग्याचा भुस्सा पडत नाही ना. हूक तुळईत नुसता आटवू नका, आरपार बोल्ट घालून वर पट्टी आणि नट. तीन माणसं बसली की २०० किलो सहज होतात, आणि झोका घेताना ताण त्याहून वाढतो. स्लॅबच्या घरात फक्त बीममध्ये, आणि इंजिनिअरला दाखवूनच. पाट जमिनीपासून १८ इंचांवर असावा. कड्या हुकात जिथे घासतात तिथे महिन्यातून एकदा मशीनच्या तेलाचा थेंब द्या, आणि दर आगोटीला हूक किती झिजलाय ते डोळ्यांनी बघा.

वारा, उजेड, पडदे

समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहतील असं बघा, बाकी वारा बघून घेतो. पावसाळ्यात खिडकी बंद करावीच लागते, म्हणून वरच्या झरोक्यांना जाळी लावून ते कायम उघडे ठेवा. पंखा ४८ इंची, पाती जमिनीपासून किमान आठ फुटांवर. कौलारू छपरात लांब दांडी घ्या, आढ्याला चिकटलेला पंखा गरम हवाच फिरवतो. बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा साधारण ३० वॅटवर चालतो, जुना ७५ वॅटच्या आसपास घेतो. गणपतीत वीज गेली की इन्व्हर्टरवर हा फरक कळतो.

कौलारू घरात दिवसाच्या उजेडासाठी काचेचं कौल हा सगळ्यात स्वस्त उपाय. मंगळुरात बासल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून मंगलोरी कौल ठरावीक घाटाचं झालं, त्यामुळे त्याच घाटाचं काचेचं कौल त्या जागी बसतं. बसण्याच्या जागेवर नेमकं नको, उन्हाचा चटका बसतो. वाटेवर दोन पुरेत.

संध्याकाळी छताला एकच पांढरीफटक ट्यूब लावून बसू नका. तिच्याबरोबर पिवळसर, २७०० ते ३००० केल्व्हिनचे दोन-तीन दिवे ठेवा: एक आजीच्या खुर्चीमागे वाचायला, एक कोपऱ्यात खाली, एक दाराशी.

पडदे पातळ सुती, एकपदरी. खिडकीच्या दीडपट रुंदीचं कापड पुरतं. जमिनीपासून इंचभर वर संपवा, टेकलेला पडदा ओल ओढतो. पश्चिमेच्या उन्हाला बाहेरच्या बाजूने बांबूची चीक, म्हणजे कामट्यांचा पडदा, लावा. ऊन काचेच्या आत आल्यावर अडवून उपयोग कमी.

भिंतीवर काय

थोडंच लावा आणि आपल्याकडचं लावा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथून एक चित्र आणून मोठ्या भिंतीवर एकटंच लावलं तर खोलीला चेहरा येतो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० गोल पत्त्यांची. त्यातले दहा अवतारांचे दहा पत्ते एका लांब फ्रेममध्ये फार शोभतात. सावंतवाडीच्याच चितार आळीतली लाकडी फळं मुलांच्या हाताला येतील अशी ठेवा.

कागदावरचं काहीही पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. चित्र आणि काच यांत माउंटचं अंतर हवं, नाहीतर चिकटतं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावा, म्हणजे मागून वारा जातो.

गणपतीची जागा आधीच ठरवा

घरात गणपती बैठकीच्या खोलीत बसत असेल तर टीव्हीचं टोक त्यालाच राखलेलं समजा. आपल्या उदाहरणातल्या खोलीत तिथे मूर्ती पूर्वाभिमुख बसते, समोर आरतीला सोळा फूट लांबी मिळते आणि प्लग तिथेच असतात. माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीसाठी, छताला चार पक्के हूक घरबांधणीच्या वेळीच घाला. नारळ, कवंडळं, सुपारी आणि आंब्याचे टाळ मिळून वजन बरंच होतं, पंख्याच्या हुकाला दोरी बांधून भागवू नये. पंखा आणि माटवी यांच्यात तीन फूट तरी ठेवा.

सामान असंच घ्या की दोघांना उचलता येईल. सात आसनी एकसंध सोफा भजनाच्या रात्री कुठे नेणार?

आगोटीची कामं आणि बंद घर

मेच्या शेवटी अभ्रे धुऊन कडकडीत वाळवा, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाका, फर्निचरच्या पायांखाली रबराचे किंवा दगडाचे तुकडे सरकवा, कपाटांच्या पाठी पुसून कापूर ठेवा.

घर पावसाळाभर बंद राहणार असेल तर सोफ्यावर प्लास्टिक घालू नका, आत ओल कोंडते आणि दोन महिन्यांत कापड काळं होतं. जुन्या सुती चादरी घाला. गाद्या उभ्या करून भिंतीपासून लांब ठेवा. कपाटांची दारं किलकिली, फ्रिजचं दार उघडं, मेन स्विच बंद. चावी शेजारी द्या आणि उघडीप असेल त्या दिवशी दोन तास खिडक्या उघडायची विनंती करा.

गणपतीला येऊन दार उघडलंत की आधी सगळ्या खिडक्या उघडा आणि अर्धा तास बाहेर पडवीत थांबा. मग नाकाला फडकं बांधून भुरा कोरड्या कापडाने न झटकता, व्हिनेगर-पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. झटकला तर तो खोलीभर उडतो. पुसलेलं लाकूड पंख्याखाली वाळवा, आणि मेन स्विच लावण्याआधी बोर्डावर ओल नाही ना ते बघा.